दोन दिवे

कुहमोच्या पुढे, बर्फ काढणारी गाडी जिथून वळून परत जाते,
तिथे ओइवा केम्पाइनेनचं सुतारकामाचं शेड.
शिकायला लागले त्याच आठवड्यात
मी एक घोळ घातला.

ड्रिल रात्रभर गाडीतच राहिलं होतं, उणे सव्वीसात.
सकाळी बॅटरी काढली, हातमोज्यातूनही बोचणारी,
आणि घाईघाईनं लावली चार्जरला.
ओइवानं बूट झटकले, आत आला,
काही न बोलता ती उपसून घेतली,
कोटाच्या आत, स्वेटरवर, काखेत धरली
आणि कॉफी ठेवायला गेला.

"काकडलेल्याच्या तोंडात घास कोंबतात का, हेल्वी?
आधी अंगात ऊब येऊ दे तिच्या.
गोठलेली असताना भरलीस तर दिसणार काहीच नाही,
आतल्या आत बिघडत जाईल,
आणि आतलं बिघडलेलं फार उशिरा कळतं."
"किती वेळ थांबू?"
"ही कॉफी होईपर्यंत. मग दुसरी. मग बघू."

शेगडी धगधगत होती. मी म्हटलं, हिच्यावर ठेवू का?
त्यानं माझ्याकडे असं पाहिलं
की मी उगीचच टोपी नीट केली.

त्याच्या मांडीवर, गुडघ्याच्या वीतभर वर,
नाण्याएवढा एक गुळगुळीत डाग होता.
एकदा सौनातून आल्यावर त्यानंच सांगितलं:
एका खिशात बॅटरी, त्याच खिशात मूठभर खिळे.
"शिडीवर होतो. आधी वाटलं, गांधीलमाशी.
फेब्रुवारीत गांधीलमाशी!"
हसता हसता त्याला ठसका लागला.
तेव्हापासून त्याच्या प्रत्येक सुट्या बॅटरीला
प्लास्टिकची टोपी असते, बाळाच्या टाळूला असते तशी,
आणि खिळ्यांचा डबा असतो शेडच्या दुसऱ्या टोकाला.

ओंडक्याला जाड भोकं पाडताना ती तापायची.
तेव्हाही तो थांबायचा.
गारठलेली नको, तापलेली नको,
भुशात नको, रात्री कोणी नसताना तर नकोच.
झोपायला जाताना चार्जरची पिन काढलेली आहे ना
हे तो दिव्यावर विसंबून ठरवत नसे,
बोटांनी चाचपून बघत असे.

पुतण्या याल्मारीनं छपरावरून पाडलेली एक होती.
कवच चिरलेलं, एक कुशी फुगलेली.
याल्मारी म्हणाला, चालतेय की अजून.
ओइवानं ती चिमट्यानं वाळूच्या बादलीत ठेवली,
बादली अंगणात, भिंतीपासून वीस पावलांवर,
आणि दोन दिवस खिडकीतून तिच्यावर नजर ठेवून होता,
गोठ्यात अडलेल्या गाईवर ठेवावी तशी.
मग टोकांना चिकटपट्टी लावून
तिला गावातल्या संकलन केंद्रावर नेलं,
पुढच्या सीटवर नाही, मागे, बादलीसकट.

एप्रिलमध्ये त्याला ओउलूच्या इस्पितळात नेलं.
किल्ली माझ्याकडे दिली, सूचना एकही नाही.
मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.
जूनमध्ये याल्मारीचा फोन आला.

शेड मी उघडलं सप्टेंबरात.
कपाटात, कोरड्या फळीवर, चार बॅटऱ्या,
ड्रिलमधून काढलेल्या, चार्जरपासून दूर,
प्रत्येकीला टोपी.
एकीचं बटण दाबलं.
चारांतले दोन दिवे लागले.
दुसरीचे दोन. तिसरीचे. चौथीचा दुसरा जरा मंद.

गच्च भरून ठेवलेली झिजते,
रिकामी ठेवलेली मरते,
हे तो मला कधी तरी सांगणार होता बहुधा.
दोन घासांची भूक राखून उठायची त्याची सवय होती,
जेवणातही, बोलण्यातही.

जायच्या आदल्या संध्याकाळी
थरथरत्या हातांनी
एकेक बटण दाबून बघत बसला असेल,
जास्त भरलेलीला थोडं राबवत,
रिकामीला थोडं पाजत.
कोणासाठी, ते त्यानं विचारलं नसेल स्वतःलाही.

बाहेर पहिलं हिव पडलं होतं.
मी एक उचलली, काखेत धरली.
गरज नव्हती, फळीवर ती उबदारच होती.
मग कॉफी ठेवली.